होनशू ते ओआहू : अंतर एक, वेळा दोन

पृथ्वीचा गोल समोर घेऊन त्यावर दोन शहरे शोधावी : जपानच्या होनशू बेटावरील टोकिओ आणि हवाई बेटांपैकी ओआहू बेटावरील होनोलुलू. मग त्या दोहोंमध्ये एक दोरा घट्ट ताणून धरावा. दोरा जी वाट दाखवितो ती या दोन शहरांमधील सर्वांत जवळची वाट होय. ती सुमारे ६,२०० किलोमीटर भरते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजण्याची आपली सवय इतक्या लांबच्या प्रवासात फसवी ठरते. तेथे दोराच बरा.

विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर धरला, तर ही वाट ७ तास १८ मिनिटांत संपावी. परंतु प्रत्यक्षात टोकिओहून जाणारे विमान लवकर पोहोचते आणि परतणाऱ्यास बराच अधिक वेळ लागतो. याचे कारण वारा. भूपृष्ठापासून ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रचंड वेगाने हवेचा एक प्रवाह वाहत असतो. त्यास झोतवारा म्हणतात. हिवाळ्यात जपानवर तो विशेष जोरकस असतो.

जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून या वाऱ्याचा वेग मोजला, आणि १९२६ मध्ये आपली निरीक्षणे एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केली. सर्व जगाची म्हणून रचलेली ती भाषा जाणणारे मुळातच थोडे! जपानबाहेर त्या निबंधाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे १९४४ मध्ये जपानवर चालून आलेल्या अमेरिकन वैमानिकांना हाच वारा अनपेक्षितपणे भेटला. १८ नोव्हेंबर १९५२ रोजी पॅन अमेरिकन कंपनीच्या विमानाने मात्र त्याचा मुद्दाम उपयोग करून घेतला. सुमारे ७,६०० मीटर उंचीवरून उडत ते टोकिओहून होनोलुलूस साडेअकरा तासांत पोहोचले. त्यापूर्वी या प्रवासास १८ तास लागत.

आता एक प्रश्न. जाताना वारा जेवढी मदत करतो तेवढाच येताना अडवितो. मग जाऊन-येऊन हिशेब सारखाच व्हावयास हवा ना? करून पाहू. वाऱ्याचा सरासरी वेग ताशी १५० किलोमीटर धरू. जाताना विमान ताशी १,००० किलोमीटर वेगाने जाईल व त्यास ६ तास १२ मिनिटे लागतील. येताना वेग ७०० उरेल आणि ८ तास ५१ मिनिटे लागतील. एकूण १५ तास ३ मिनिटे. वारा नसता तर दोन्ही खेपा १४ तास ३५ मिनिटांत झाल्या असत्या. म्हणजे जवळजवळ अर्धा तास तोटाच! मदत करणाऱ्या वाऱ्यात विमान थोडा वेळ असते आणि अडविणाऱ्या वाऱ्यात पुष्कळ वेळ. म्हणून जमा आणि खर्च यांचा मेळ बसत नाही. आमच्या मते हे उदाहरण अंकगणिताच्या तासालाही शोभेल.

घड्याळाची गंमत निराळीच आहे. टोकिओचे घड्याळ होनोलुलूच्या १९ तास पुढे असते. टोकिओहून सोमवारी रात्री ९ वाजता निघालेला प्रवासी सात तासांनी उतरतो, तेव्हा तेथे सोमवारचेच सकाळचे ९ वाजलेले असतात.

परतीच्या वाटेवर वैमानिक पुष्कळदा दोऱ्याची सरळ वाट सोडून दक्षिणेकडून वळसा घेतो. वाट लांबते, पण झोतवारा टळतो आणि विमान लवकर पोहोचते.