कंपनांचा मेळ

डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स १६६५ साली काही दिवस आजारामुळे खोलीतच होता. तेथे टांगलेल्या लंबकाच्या दोन घड्याळांकडे पाहता पाहता त्याला आढळले, की दोन्ही लंबक अचूक एकाच तालात, पण नेहमी परस्परविरुद्ध दिशांना झुलत आहेत. मुद्दाम ताल बिघडवला, तरी सुमारे अर्ध्या तासात तो पुन्हा जुळे. दोन्ही घड्याळांना आधार देणाऱ्या तुळईचे अतिसूक्ष्म हादरे हेच त्याचे कारण होते.

विद्युत् आंदोलकांतही असाच मेळ आढळतो. आंदोलक म्हणजे ठराविक कंपनसंख्येचा प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करणारे मंडल. दोन आंदोलकांच्या कंपनसंख्यांत थोडा फरक असला, तर रेडिओवर त्या फरकाइतक्या कंपनसंख्येची शीळ ऐकू येते. फरक कमी करीत गेल्यास शीळ खर्जाकडे उतरते. परंतु शून्यापर्यंत क्रमाने न जाता ती मध्येच एकाएकी थांबते. त्या क्षणी दोघांची कंपनसंख्या एक झालेली असते. एडवर्ड ॲपलटनने १९२२ साली ट्रायोड नळ्यांच्या आंदोलकांत या घटनेचा अभ्यास केला.

असे का व्हावे? आंदोलक आपल्या कंपनांचा विस्तार स्वतः राखतो. तो घटला तर वाढवला जातो, वाढला तर आवरला जातो. परंतु कंपनाची कला, म्हणजे कोणत्या क्षणी ते चक्रात कोठे असावे, हे ठरवून देणारे त्याच्यापाशी काहीच नसते. म्हणून बाहेरचा क्षीण संकेतही प्रत्येक चक्रात तिला किंचित पुढे वा मागे सारू शकतो. दोन आंदोलक तुल्यबळ असले, तर दोघेही थोडे सरकतात.

याला मर्यादा मात्र आहे. रॉबर्ट ॲडलरने १९४६ साली तिचे सूत्र मांडले. समजा, आंदोलकाची कंपने सेकंदाला १०,००,००० आहेत, त्याच्या मंडलाच्या अनुनादाची तीक्ष्णता दाखवणारा गुणांक १०० आहे आणि बाहेरील संकेत त्याच्या शतांशाइतका आहे. कंपनसंख्येला गुणांकाच्या दुपटीने भागून शंभराने पुन्हा भागावे; उत्तर ५० येते. फरक ४९ असला तर मेळ बसेल, ५१ असला तर सुटेल.

पूर्वीच्या दूरचित्रवाणी संचांत हे प्रत्यक्ष दिसे. प्रक्षेपणातून सेकंदाला ५० स्पंद येत आणि संचातील आंदोलक त्यांच्याशी जुळून राही. त्याची स्वतःची गती फार ढळली, की चित्र वरखाली सरकू लागे. मग कळ फिरवून ती जवळ आणावी लागे. संकेत तोच असे. त्याला साथ देण्याइतकी जवळीक तेवढी हवी असे.