ड्रायर तापतो, तरी कपडे ओलेच का?

पावसाळा लागला की कपड्यांच्या दोऱ्या गॅलरीतून घरात येतात आणि आमच्याकडे ड्रायरच्या तक्रारी येऊ लागतात. त्यांतल्या काही निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. ड्रायरला कामं तीन: कपडे उलटेपालटे करत राहायचं, हवा तापवायची आणि त्या हवेने उचललेलं पाणी कपड्यांपासून दूर न्यायचं. पहिल्या दोन कामांत खोट आली तर लगेच कळतं. तिसरं बिघडलं तर यंत्र फिरतं, तापतं, विजेचं बिलही वाढवतं, फक्त कपडे वाळत नाहीत. हीटरवर आळ येतो आणि खरा दोष हवेच्या वाटेत असतो.

प्रश्न: आमचा पाइपवाला ड्रायर बंदिस्त बाल्कनीत आहे. उन्हाळ्यात तासाभरात कपडे वाळायचे. आता अडीच तास लागतात, कपडे गरम निघतात, पण जीन्सचा कमरपट्टा दमटच. हीटर बदलावा का? (ठाणे)

उत्तर: नको. कपडे गरम निघतात त्या अर्थी हीटर शाबूत आहे. आधी बाल्कनीची खिडकी पाहा. पाऊस आत येतो म्हणून ती लावून घेतली असेल आणि पाइपचं तोंड बाल्कनीतच सोडलेलं असेल, तर रोग सापडला.

सात किलो सुती कपडे 1000 फेऱ्यांवर पिळले, तरी त्यांच्यात वजनाच्या साधारण 60 टक्के, म्हणजे चार लिटरच्या वर पाणी उरतं. ते सगळं वाफ होऊन त्या एवढ्याशा बाल्कनीत साचतं आणि ड्रायर तीच दमट हवा पुन्हा आत ओढतो. पावसाळी हवेचा दोष त्या मानाने थोडा. बाहेरची दमट हवा हीटरवरून गेली की तिची पाणी उचलण्याची ताकद पुष्कळ वाढते. ड्रायरने स्वतःच सोडलेली वाफ मात्र त्याला पुरून उरते.

पाइपचं तोंड खिडकीबाहेर काढा आणि ताजी हवा आत यायला दुसरीकडे फट ठेवा. पाइप जितका आखूड आणि सरळ तितका बरा. यंत्र भिंतीला टेकवताना तो मागे चेपला गेलेला नाही ना, तेही पाहा. बाहेरच्या झडपेशी कबुतरांनी काड्या आणून टाकल्या असतील, तर त्या काढा. ड्रायरमधली तंतू अडवणारी जाळी प्रत्येक खेपेला साफ करायची, हे तुम्ही करत असालच. पण फॅब्रिक कंडिशनरचा किंवा सुगंधी ड्रायर-कागदांचा चिकट थर जाळीवर बसतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जाळी नळाखाली धरा. पाणी खाली न जाता वर साचून राहिलं, तर साबण आणि जुना टूथब्रश घेऊन ती घासा.

आणि पिळण्याच्या फेऱ्या वाढवा. 1400 फेऱ्यांवर कपड्यांत साधारण निम्म्या वजनाइतकंच पाणी उरतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला कमीत कमी 0.67 युनिट वीज लागतेच. तेच पाणी पिळून काढायला त्याचा अगदी थोडा अंश पुरतो.

प्रश्न: आमचं दोन टाक्यांचं सेमी ऑटोमॅटिक मशीन आहे. ड्रायर लावला की घुंऽऽ आवाज येतो, पण टब फिरत नाही. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. (सांगली)

उत्तर: घाई करू नका. घुंऽऽ आवाज येतो म्हणजे मोटरपर्यंत वीज पोचते आहे. तिला काहीतरी अडवतं आहे किंवा सुरुवातीचा जोर मिळत नाही.

प्लग काढा आणि टबाच्या कडेने, खाली, टॉर्च मारून पाहा. रुमाल, मोजा, बाळाचं लंगोट असं काहीतरी कडेवरून घसरून टबाखाली जातं आणि तिथे गुंडाळलं जातं. हा सगळ्यात स्वस्त बिघाड. तसं काही नसेल तर ब्रेक पाहावा लागतो. झाकण उघडलं की टब थांबावा म्हणून मोटरपाशी ब्रेक असतो, आणि झाकण लावलं की तार ओढली जाऊन तो सुटतो. तार सैल झाली किंवा निसटली की झाकण लावूनही ब्रेक सुटत नाही. तिसरा संशयित म्हणजे कपॅसिटर, ज्याला आपले मेकॅनिक कंडेन्सर म्हणतात. तो बदलायला फार खर्च येत नाही, पण वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार राहू शकतो, म्हणून ते काम मेकॅनिकवर सोडा. चालू मशीनमध्ये हात घालून टबाला धक्का द्यायचा उपाय बऱ्याच घरांत चालतो. तो मात्र कधीही करू नका.

आवाजच येत नसेल तर झाकणाचा स्विच किंवा टायमर तपासायला सांगा. टब फिरतो पण हळू, आणि कपडे गळत निघतात, असं होत असेल तर सांडपाण्याचा पाइप मोरीच्या कट्ट्यावर चढवून ठेवलाय का ते बघा. तळाशी पाणी साचलं की टबाला वेग घेता येत नाही. मशीन नाचत असेल तर कपडे सगळीकडून सारखे दाबून भरा आणि वर ती प्लॅस्टिकची चकती ठेवा. नवीन मशीनसोबत आलेली ती चकती माळ्यावर पडलेली असेल.

प्रश्न: ड्रायर संध्याकाळी लावला तर फार वेळ घेतो, रात्री अकरानंतर लावला तर लवकर आटोपतो. यंत्राला वेळ कळते की काय? (धाराशिव)

उत्तर: वेळ नाही, व्होल्टेज कळतं. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 व्होल्टला जो हीटर 2000 वॉट देतो, तोच 180 व्होल्टला जेमतेम 1225 वॉट देतो. व्होल्टेज सुमारे पाचव्या भागाने उतरलं, तर उष्णता चाळीस टक्क्यांच्या आसपास घटते. संध्याकाळी सगळीकडचा भार वाढून व्होल्टेज पडत असेल, तर रात्री लावणं हाच सोपा उपाय. शेजारच्या घरांत व्होल्टेज नीट असेल आणि तुमच्याकडेच पडत असेल, तर घरातलं वायरिंग तपासा. 2000 वॉटला जवळपास 9 अँपियर लागतात. त्याला 16 अँपियरचा भिंतीतला सॉकेट हवा, एक्स्टेन्शन बोर्ड नव्हे. प्लग हाताला चटका देण्याइतका तापत असेल, तर ड्रायर त्याच क्षणी बंद करा.

प्रश्न: ड्रम फिरतो, आतला दिवा लागतो, पण हवा बर्फासारखी गार. मशीन विजेवरचं आहे. (न्यू जर्सी)

उत्तर: अमेरिकेतल्या विजेवरच्या ड्रायरची ही ठरलेली तक्रार आहे. तिथे साध्या सॉकेटला 120 व्होल्ट असतात. ड्रायरला मात्र 120-120 च्या दोन जिवंत तारा देऊन 240 व्होल्ट मिळवतात. मोटर आणि दिवा यांचं सहसा एका तारेवर भागतं, हीटरला दोन्ही लागतात. एक तार मेली की ड्रम मजेत फिरतो आणि हीटर गार पडतो. पॅनेलमधला ड्रायरचा जोड ब्रेकर एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. पुष्कळदा एवढ्यावरच काम होतं. पुन्हा पडला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

ब्रेकर ठीक असेल तर थर्मल फ्यूजवर संशय घ्या. हवा प्रमाणाबाहेर तापली की तो एकदाच उडतो आणि पुन्हा जुळत नाही. प्लग काढून, फ्यूजच्या तारा सोडवून मल्टिमीटर लावला आणि बीप आला नाही, तर फ्यूज गेला. नवा स्वस्तात मिळतो. पण तो बसवून थांबू नका. फ्यूज बहुधा आपण होऊन उडत नाही. भिंतीतून बाहेर जाणारी नळी तंतूंनी तुंबली असेल, तर नवाही उडेल. आणि 'फ्यूज डायरेक्ट करून देतो' म्हणणारा कारागीर, सांगलीतला असो की न्यू जर्सीतला, त्याला नम्रपणे निरोप द्या. अमेरिकेच्या सरकारी अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 या काळात घरगुती ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे 2,900 मोजल्या होत्या, आणि त्यांत साफसफाई न करणं हे सगळ्यात मोठं कारण निघालं. कपड्यांचे तंतू ठिणगीला कापसासारखे धरतात. त्यांच्या आणि आगीच्या मध्ये तो इवलासा फ्यूज उभा असतो.

प्रश्न: धुणं आणि वाळवणं एकातच करणारं 8 किलोचं मशीन घेतलं. भरून लावलं तर चार तासांनी कपडे दमट. दुपारी लावलं तर आणखी वाईट. (मुंबई)

उत्तर: माहितीपत्रक पुन्हा उघडा. धुण्याची क्षमता 8 किलो असेल, तर वाळवण्याची बहुधा 5 च्या आसपास लिहिलेली असेल. धुताना कपडे पाण्यात दाटीने राहिले तरी चालतं. वाळताना त्यांना उघडायला, पडायला जागा लागते, नाहीतर हवा गठ्ठ्याच्या बाहेरूनच फिरते. धुऊन झालं की निम्मे कपडे बाहेर काढा.

दुपारचं कोडं पाण्याशी जोडलेलं असावं. अशा यंत्रांना बहुधा पाइप नसतो. त्यांतली बरीच यंत्रं वाफेचं पाणी करण्यासाठी नळाचं गार पाणी वापरतात. म्हणजे वाळवतानाही त्यांना नळ लागतो. सोसायटीने दुपारी पाणी बंद केलं, किंवा गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाने तापलं, तर वाफ थंड होत नाही आणि आतच घोटाळते. धुणं झालं म्हणून नळ बंद करायची सवय घरात कुणाला असेल, तर ती मोडा. दाराच्या रबराच्या घडीत तंतूंचा ओला लगदा साचतो, तोही दर आठवड्याला पुसून काढा.

प्रश्न: ऑटोवर दोन साड्या टाकल्या की दहा मिनिटांत 'वाळले' म्हणून यंत्र थांबतं. चादरींच्या बाबतीतही तेच. सेन्सर फसवा आहे का? (पुणे)

उत्तर: फसवा नाही, त्याला जेवढं कळतं तेवढंच तो सांगतो. ड्रमच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओलं कापड दोन्हींना एकदम टेकलं की त्यातून अगदी सूक्ष्म प्रवाह जातो. प्रवाह थांबला की यंत्र समजतं, वाळलं. दोन साड्या पट्ट्यांना क्वचितच टेकतात. चादरीचा गोळा होतो, तो बाहेरून कोरडा आणि आतून चिंब राहतो.

थोडेच कपडे असतील तेव्हा ऑटो सोडून मिनिटं स्वतः लावा. चादर मध्येच काढून झटका आणि पुन्हा टाका. भरपूर कपडे असूनही हाच प्रकार होत असेल, तर पट्ट्यांवर कंडिशनरचा थर बसला आहे. प्लग काढून कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर लावून त्या पुसा. तारेची घासणी वापरू नका.

प्रश्न: बाळाच्या मालिशचे तेलकट पंचे गरम पाण्यात धुऊनही वास जात नाही. ड्रायरमध्ये कडक वाळवले तर जाईल का? (नाशिक)

उत्तर: वास जाणार नाही, धोका मात्र वाढेल. करडई, सूर्यफूल, जवस यांसारखी तेलं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता सोडतात. पसरलेल्या कापडातून ती निघून जाते. गरमागरम कपड्यांच्या ढिगात मात्र ती कोंडते, तेल आणखी जलद बदलतं, आणि काही तासांनी ढीग आपोआप पेटू शकतो. धुतल्यानेही सगळं तेल निघतं असं नाही. म्हणून मालिशचे पंचे, तळणीची फडकी, अभ्यंगाचे टॉवेल हे दोरीवरच वाळवा.

ड्रायर शेवटची काही मिनिटं नुसती गार हवा फिरवतो, ती याचसाठीही असते. घाईत तो टप्पा मध्येच तोडू नका. आणि निघालेल्या गरम कपड्यांचा डोंगर टोपलीत तसाच ठेवू नका. घड्या घालायचा कंटाळा आला असेल, तर निदान पलंगावर पसरून तरी टाका.