यकृत दिलेल्या बहिणीचं पुढे काय?

प्रश्न : माझी धाकटी बहीण 32 वर्षांची आहे. तिच्या नवऱ्याला सिरोसिस झालाय आणि ती त्याला यकृताचा भाग देणार आहे. 'दोन महिन्यांत यकृत पुन्हा वाढतं, काही होत नाही,' असं सासरची मंडळी सांगतात. शेतात राबणाऱ्या बाईला पुढे खरंच काही त्रास होत नाही का?
– एक वाचक, सावंगी (मेघे), जि. वर्धा

उत्तर : यकृत वाढतं, हे खरं. 'काही होत नाही' हे मात्र कुणीही ठामपणे सांगू नये.

मोठ्या माणसाला द्यायचं असेल तर बहुधा यकृताचा उजवा भाग काढतात, म्हणजे साधारण 60 ते 65 टक्के. दात्याकडे निदान 30 ते 35 टक्के उरेल ना, हे आधी सीटी स्कॅनवर मोजून पाहतात. छाटलेल्या झाडाला नवी फांदी फुटावी, तसं इथे होत नाही. गेलेला भाग गेलेलाच असतो. उरलेला भाग मोठा होत जातो आणि सगळं काम अंगावर घेतो. ही वाढ पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने होते, मग मंदावते. उजव्या भागाबरोबर बहुतेकदा पित्ताशयही काढावं लागतं.

देशात आता वर्षाला चार हजारांवर यकृत प्रत्यारोपणं होतात आणि त्यातली बहुतांश जिवंत दात्यांमुळे होतात. भारतातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण 1998 साली दिल्लीत झालं, तेही वडिलांनी दिलेल्या तुकड्यावर. तो लहानगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. वर्षानुवर्षं पाठपुरावा झालेल्या दात्यांपैकी बहुसंख्य धडधाकट आहेत. नवऱ्याला जन्मभर औषधं घ्यावी लागतील, तिला तशी लागणार नाहीत. दर हजार दात्यांमागे एक ते पाच जण मात्र दगावतात, असा जगभरचा अंदाज आहे. ऑगस्ट 2025 मध्ये पुण्यात नवऱ्याला यकृत देणारी पत्नी आणि तो नवरा, दोघंही शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच गेले. असं क्वचित होतं, पण होतं. ते तिच्यापासून लपवू नका.

दीर्घकाळाच्या तक्रारी बहुधा जिवावर बेतणाऱ्या नसतात. टाक्यांभोवती बधिरपणा राहतो. काहींना टाक्यांच्या जागी हर्निया होतो, क्वचित पित्तनलिका अरुंद होते. रक्तातल्या प्लेटलेट काही वर्षं आधीपेक्षा थोड्या कमी भरतात. त्याने सहसा त्रास होत नाही, पण पुढे कुठल्याही डॉक्टरांकडे गेली तर आपण यकृत दिलंय हे तिने आधी सांगावं. मूल हवं असेल तर निदान सहा महिने ते वर्षभर थांबून, डॉक्टरांना विचारूनच.

तुमच्या भागात हर्नियाची काळजी मला जास्त वाटते. पाठीवरचा फवारणीचा पंप, सोयाबीनचं पोतं, विहिरीवरून भरलेली घागर, यातलं काहीही निदान तीन महिने उचलायचं नाही. अवयव देणाऱ्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला 2023 पासून 42 दिवसांपर्यंत खास रजा मिळते. शेतात राबणाऱ्या बाईला रजा घरच्यांनीच द्यायची असते. म्हणून तो हंगाम कोण सांभाळणार, हे शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवा. शिवाय एकाच घरात दोन आजारी असतील, तेव्हा तिच्या उशाशी कोण बसणार तेही ठरवा. सगळं घर नवऱ्याभोवती गोळा होतं आणि दात्री तिसऱ्या आठवड्यात चुलीपुढे उभी राहते, हे फार घरांत घडतं.

वजन आटोक्यात ठेवणं आणि दारूपासून लांब राहणं हे पुढेही पाळावं लागेल. ताकद यावी म्हणून कुणी काढे सुचवले तर सांभाळून. नेमाने गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं आहे.

मनाचं म्हणाल तर बहुतेक दात्यांना दिल्याचा पस्तावा होत नाही. पण घेणारा वाचला नाही तर दाता फार खचतो. त्या वेळी माहेर जवळ लागतं.

आपल्याकडे जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत. म्हणून 2014 च्या नियमांत दाता स्त्री असेल तर जास्त खबरदारी घ्यायला सांगितली आहे: तिची ओळख आणि स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्याकडून पडताळायची. तुम्ही भाऊ आहात. एकदा तिला एकटीला भेटा आणि विचारा. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीही तिला नाही म्हणता येतं, हे स्पष्ट सांगा. होय म्हणाली, तर तिच्या पाठीशी उभे राहा.

आणि तिची फाईल नवऱ्याच्या फायलीत घालू नका, वेगळी ठेवा. सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं आणि मग दरवर्षी यकृताच्या रक्ततपासण्या, प्लेटलेट आणि सोनोग्राफी करून घ्या. त्यासाठी दर वेळी लांब जायला नको. या तपासण्या सावंगीच्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयातही होतात. रिपोर्ट शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना न चुकता पाठवा.