आजचा श्लोक : गीता ६.९

या श्लोकात ‘सुहृद’ आणि ‘मित्र’ हे शब्द वेगवेगळे येतात. शंकराचार्य भाष्यात फरक सांगतात : मित्र स्नेह करतो, सुहृद परतफेडीची अपेक्षा न ठेवता उपकार करतो.

खेड तालुक्यातल्या रसाळगड-सुमारगड-महिपतगड ट्रेकला आम्ही कॉलेजचे चौघं गेलो होतो. त्यातल्या एकाशी माझं वर्षभर बोलणं नव्हतं. सुमारगडाच्या जंगलात माझा गुडघा धरला, तेव्हा त्यानेच काही न बोलता माझी सॅक उचलली. महिपतगडावर पारेश्वराच्या देवळापर्यंत तो माझ्याच चालीने चालला.

श्लोकात पुढे शत्रू आणि द्वेष्यही आहेत. सगळ्यांविषयी समबुद्धी ठेवणारा श्रेष्ठ, असं भगवंत सांगतात. मला कळलेली समबुद्धी एवढीच : मदत करताना जुना हिशोब काढायचा नाही.

आज, बोलणं तुटलेल्या एकाचं छोटंसं ओझं उचलून बघा. जय हरी!