गाळाची परीक्षा

पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी घागरीत भरून ठेवले असता काही वेळाने गाळ तळाशी बसतो व वर निवळ पाणी राहते, हे सर्वांस ठाऊक आहे. सांडपाण्याच्या शुद्धीकरणातही याच साध्या गुणधर्मावर मोठी भिस्त असते.

चेन्नईच्या दक्षिणेस शोळिंगनल्लूर ही झपाट्याने वाढलेली वस्ती आहे. तिच्या जवळून बकिंगहॅम कालवा वाहतो. उत्तरेच्या बाजूस पळ्ळिकरणै ही पाणथळ भूमी असून २०२२ साली तिचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाला. अशा ठिकाणी सांडपाणी अर्धवट शुद्ध होऊन बाहेर पडले, तर त्याची झळ मासे, पक्षी व माणसे या सर्वांस लागते.

१९१४ साली आर्डर्न व लॉकेट यांनी मँचेस्टर येथे सक्रिय गाळाची पद्धत मांडली. तीत सांडपाण्यात हवा खेळवितात. जीवाणू त्यातील घाण खाऊन वाढतात आणि त्यांचे पुंजके बनतात. हे पुंजके निवळणीच्या टाकीत खाली बसले, तरच वरचे पाणी स्वच्छ निघते.

ते कसे बसतात हे पाहण्यासाठी हवेच्या टाकीतील मिश्रण एक लिटरच्या मापनपात्रात भरून ३० मिनिटे न हलविता ठेवतात व गाळाने किती जागा व्यापली ते वाचतात. समजा, ती २५० मिलिलिटर भरली. परंतु एवढ्यावरून निर्णय करता येत नाही. कारण गाळ थोडा असूनही फुगलेला असू शकेल. म्हणून त्याच मिश्रणातील गाळ गाळून, वाळवून त्याचे वजन करतात. ते लिटरमागे २.५ ग्रॅम असेल, तर २५० भागिले २.५, म्हणजे १०० हा निर्देशांक येतो. एक ग्रॅम कोरडा गाळ बसल्यावर किती मिलिलिटर जागा व्यापतो, हे तो सांगतो. वजन १.२५ ग्रॅमच असेल, तर निर्देशांक २०० होतो. पात्रातील गाळाची उंची तीच, परंतु पहिला गाळ निरोगी व दुसरा बिघडलेला! हा निर्देशांक मोहलमन यांनी १९३४ साली सुचविला.

सामान्यतः १५० च्या वर गेलेला निर्देशांक धोक्याची सूचना मानतात. हवा अपुरी पडली किंवा पोषक द्रव्ये कमी झाली, की तंतुमय जीवाणू माजतात. त्यांच्या तंतूंमुळे पुंजके एकमेकांजवळ येत नाहीत व गाळ पाण्याबरोबर वाहून जातो. नित्य मोजणी करणाऱ्यास हा बिघाड आधीच कळतो आणि कालव्यात घाण जाण्यापूर्वी उपाय करता येतो.