ड्रोनने चौफेर छायाचित्र : उड्डाणाआधीचे गणित

1906 च्या एप्रिलमध्ये भूकंपाने व आगीने सॅन फ्रान्सिस्को शहर उद्ध्वस्त झाले. काही आठवड्यांनी जॉर्ज लॉरेन्स या छायाचित्रकाराने पतंगांची माळ लावून अवजड कॅमेरा सुमारे 2000 फुटांवर चढविला व ते शहर एकाच चित्रात टिपले. आज हे काम लहानसे ड्रोन करते. मात्र ते अनेक लहान चित्रे घेते व संगणक ती गोधडीसारखी जोडतो. गोधडीचे तुकडे एकमेकांवर थोडे चढवावे लागतात, तसेच येथेही.

समजा, आपल्या कॅमेऱ्याची नजर आडवी 71 अंश व उभी 57 अंश आहे. दर चित्रानंतर 45 अंश वळण दिले की शेजारची चित्रे 26 अंश, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक, एकमेकांवर येतात आणि 8 चित्रांत फेरी पुरी होते. पहिली फेरी क्षितिजाकडे, दुसरी 30 अंश खाली, तिसरी 60 अंश खाली व शेवटी एक चित्र सरळ खालचे, एकूण 25. दर चित्रास 4 सेकंद धरल्यास 100 सेकंद लागतात. हा क्रम ॲपमध्ये आधीच भरून ठेवावा. हाताने वळविल्यास एखादा तुकडा सुटतो, आणि ते घरी आल्यावरच कळते.

उजेड व रंग 'ऑटो'वर सोडू नयेत, नाहीतर आकाशात पट्टे उमटतात. जवळ झाड नको. वाऱ्याने ड्रोन हातभर सरकले तरी दूरची टेकडी जागेवरच दिसते, पण जवळची फांदी जोडावर तुटते.

आता कायदा, व येथेच आपली मंडळी फसण्याचा संभव अधिक. अमेरिकेत हौशी उडविणाऱ्यानेही 'ट्रस्ट' ही मोफत परीक्षा द्यावी लागते. ड्रोन 250 ग्रॅम वा अधिक वजनाचे असल्यास नोंदणी हवी. ते नजरेआड जाता कामा नये, मोकळ्या हवाई हद्दीत 400 फुटांवर जाता कामा नये, आणि विमानतळाजवळ आधी परवानगी लागते. राष्ट्रीय उद्यानांत 2014 पासून बंदी आहे. आपल्या संस्थेच्या सहलीचे चित्र संस्थेसाठी काढले, तर एक पैसाही न घेता ते उड्डाण हौशी ठरेलच असे नाही. मग 2016 चे 'भाग 107' नियम लागू होतात व परवाना लागतो. शिवाय मंडळी खाली जेवायला बसली असताना त्यांच्या डोक्यावर ड्रोन नेऊ नये. बाजूच्या रिकाम्या मैदानावर उभे करावे. चौफेर चित्रात मंडळी येतातच.

वरच्या आकाशाचे भोक मात्र उरते, कारण बहुतेक ड्रोनचा कॅमेरा पुरता वर वळत नाही. ते संगणकावर निळ्या रंगाने भरून घ्यावे.