नोरा गेडिस आणि दहा एकर पडीक जमीन

समाजशास्त्राच्या तासाला पॅट्रिक गेडिस यांचे नाव आपण सर्वांनीच ऐकलेले आहे. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो त्यांच्या नेतृत्वाखाली, आणि डॉ. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. परीक्षेपुरते एवढे पुरते. परंतु वाचनालयात त्यांच्याविषयी वाचताना त्यांच्या मुलीचा ओझरता उल्लेख आला आणि मी तेथेच थांबले. ती बागांची आखणी करीत असे! माझे वडील माळी आहेत. सदरमधील दोन-तीन बंगल्यांच्या बागा ते सांभाळतात. बागेची आखणी हे एखाद्या शिकलेल्या मुलीचे काम असू शकते, हे आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. म्हणून हा लेख.

नोराचा जन्म १८८७ चा. त्याच सुमारास तिच्या आईवडिलांनी एडिंबरोच्या जुन्या शहरात, जेम्स कोर्ट नावाच्या गरीब वस्तीत, मुद्दाम बिऱ्हाड केले. आपल्या महाल-इतवारीच्या बोळांवर सहा-सात मजली दगडी इमारती उभ्या केल्या, तर त्या वस्तीची थोडीफार कल्पना येईल. ऊन जमिनीपर्यंत पोचायचे नाही. वडील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असल्याने मुलांचे शिक्षण बरेचसे घरी आणि बागेतच झाले.

१९०८ च्या सुमारास गेडिस यांच्या मंडळींनी त्या जुन्या शहरातील मोकळ्या जागांची पाहणी केली. पडलेल्या घरांचे तुकडे, कचऱ्याचे कोपरे, किल्ल्याखालचे उतार अशा पंचाहत्तरच्या आसपास जागा निघाल्या. सर्व मिळून क्षेत्र दहा एकर. मी गणित करून पाहिले. एका जागेच्या वाट्याला सरासरी सहा हजार चौरस फूटही येत नाहीत. अशा तुकड्यांच्या बागा करण्याचे काम नोराने हाती घेतले, तेव्हा ती एकवीस-बावीस वर्षांची होती. आपल्यातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींएवढी!

वेस्ट पोर्टची बाग १९१० साली तयार झाली. जॉन्स्टन टेरेसची बाग किल्ल्याच्या अगदी पायथ्याशी, उतारावर. चार-पाच वर्षांत अशा दहाएक बागा झाल्या. पैसा थोडा होता. वस्तीतली माणसे आणि मुले यांच्याच मदतीने काम चाले. येथे आखणी म्हणजे नुसते फुलांचे वाफे काढणे नव्हे. दिवसातून थोडाच वेळ येणारे ऊन कोठे पडते, मुले खेळायला कोठून शिरतील, म्हाताऱ्यांनी बसायचे कोठे, हे आधी ठरवावे लागते, आणि मग झाड.

लँडस्केप आर्किटेक्ट हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे मोठी हिरवळ आणि कारंजे येते. त्या काळी नावाजलेल्या स्त्रियाही बहुधा श्रीमंतांच्याच बागा करीत. इंग्लंडच्या गर्ट्रूड जेकिल घ्या, किंवा अमेरिकेच्या बिआट्रिक्स फॅरंड. १८९९ मध्ये अमेरिकेत या व्यवसायाची संस्था स्थापन झाली, तेव्हा अकरा संस्थापकांत फॅरंड या एकट्याच स्त्री होत्या. त्यांची योग्यता मोठी, यात शंका नाही. पण नोराच्या बागांना मालकीणच नव्हती. मला तिचे काम अधिक अवघड वाटते.

१९१४ साली पॅट्रिक गेडिस हिंदुस्थानात आले. बरोबर आणले मुलाला, ॲलास्डेरला. नोरा मागे राहिली. पुढल्या वर्षी तिने वडिलांचे सहकारी, वास्तुशिल्पी फ्रँक मिअर्स यांच्याशी लग्न केले. १९१७ मध्ये भाऊ फ्रान्समध्ये युद्धात पडला आणि आई इकडे हिंदुस्थानात वारली.

महायुद्धाच्या त्या वर्षांत गेडिस यांचे नगर-प्रदर्शन आपल्या नागपुरातही भरले होते. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढून घरे पाडू नका, मधल्या पडीक जागा साफ करा, तेथे झाड लावा, असे ते आपल्या अहवालांतून गावोगाव सांगत. त्यात मला एडिंबरोचे दहा एकर दिसतात. वडिलांनी मुलीला शिकवले, हे खरेच. पण मुलीच्या बागा आधी उभ्या राहिल्या आणि वडिलांचे हिंदुस्थानातले अहवाल नंतर लिहिले गेले, हेही खरे. मिअर्स पुढे सर फ्रँक झाले. नोरा १९६७ मध्ये वारली, आणि पुस्तकांत उरली ती बहुधा कोणाची तरी मुलगी आणि कोणाची तरी पत्नी म्हणून. जॉन्स्टन टेरेसचा तो तुकडा मात्र आजही हिरवा आहे.

हे सर्व वाचल्यावर मी आणि माझ्या मैत्रिणीने मंगळवारी बाजारापासून रेसिडेन्सी रोडपर्यंत वहीत नोंद करीत फेरी मारली. चौदा जागा सापडल्या. एका जागेचा नकाशा काढून मी बाबांना दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"झाडं बरी मांडली तू," ते म्हणाले. "पण हा मुरूम आहे. गुलाब नाही जगणार, कडुनिंब जगंल. अन् पाणी?"

एडिंबरोत पाऊस बारमाही आहे, हे मी त्यांना सांगितले.

"तिथं असंल," बाबा म्हणाले. "मे महिन्यात इथं झारी कोण धरंल, ते आधी लिही."

नकाशाच्या कोपऱ्यात मी नळाची जागा दाखवली आहे. नळ अजून कोठेच नाही.